हाताचं माप

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला बजावून ठेवलंय. "घरातलं घरात राहू दे," असं म्हणून तिनं वर डोक्यावरून हातही फिरवला, म्हणजे मला नाही म्हणायला जागाच उरली नाही. मी तशीही फारशी बोलत नाही. वर्गात बाईंनी हजेरी घेतली तरी माझा 'हजर' घशातच अडकतो. पण मी लिहू शकते. यात मी स्वतःला 'धाकटी' म्हणणार आहे, कारण गोष्ट माझी नाही, ताईची आहे. थोडी मी डोळ्यांनी पाहिली. बाकीची ताईनं मला सांगितली, तिला सांगता येत होतं तोवर.

शिड्यांचा कारखाना म्हटलं की लोकांना मोठी शेड वाटते. खरं तर ती ताई-धाकटीच्या घराची पुढची लांबट खोली होती. भिंतींना टेकून शिड्या उभ्या, मधे जाडजूड बाक, आणि भुसा तर इतका की आई म्हणायची, "या घरात मीठ संपेल, पण भुसा संपायचा नाही." कारखाना आणि आतली खोली यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. धाकटीला शिक्षा म्हणून आत कोंडलं की कारखान्यातून ताई फळीवर खूण करायची. बोटानं दोन टिचक्या आणि मग नखाचा एक लांब ओरखडा. म्हणजे, 'आहेस ना?' आतून तसंच वाजवायचं. म्हणजे, 'आहे.'

ताईनं बाबांच्या हाताखाली सगळं काम शिकून घेतलं होतं, पण तिचा जीव होता चित्रकलेत. ती पेन्सिल अशी धरायची की कागदाला कळूही नये. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर इस्त्रीच्या चटक्याचा अर्धगोल डाग होता. रेघ ओढताना तो डाग कागदावरून हळूहळू सरकायचा आणि धाकटी रेघेऐवजी त्याच्याकडेच बघत बसायची. दुसऱ्या शहरात, नकाशे काढणाऱ्या कचेरीत ताईला नोकरी लागली. "बस्तान बसलं की तुलाही नेते. तिथली शाळा चांगली आहे," असं ती म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर धाकटीचे दिवस चालले होते.

बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "तू गेलीस तर हा हातोडा कुणाच्या हातात देऊ? या खुंटीच्या?" धाकटीला ते खुंटीच म्हणायचे. एक तर ती बुटकी, आणि दुसरं म्हणजे कुठेही ठोकली तरी आवाज न करणारी.

"बाबा, मी त्यांना शब्द दिलाय," ताई म्हणाली.

बाबा बाकाकडे वळले. पायरी शिडीच्या भोकात धरून ते घाव घालू लागले. घाव नेहमीपेक्षा मोठे पडत होते. मग कडकन आवाज झाला. हातोड्याचं डोकं उडून शिड्यांमागे पडलं, आणि बाबा तुटक्या दांड्याचा तुकडा मुठीत धरून हळूच खाली बसले, काहीतरी शोधायला बसावं तसे. पुन्हा उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना आतल्या खोलीत, फळ्यांच्या भिंतीला लागून निजवलं. त्यांच्या मुठीतला तुकडा सोडवायला आई आणि ताई दोघी लागल्या.

शिड्यांची ऑर्डर घेतलेली होती. ताई म्हणाली, "एवढ्या पुऱ्या करते आणि जाते."

२

त्यासाठी आधी हातोड्याला नवा दांडा हवा होता.

दांड्याच्या बाबतीत आजोबांपासून त्या घराची एक पद्धत होती. ज्याचा हात, त्यानं आपला दांडा करायचा नाही. दुसऱ्यानं करायचा. करणाऱ्यानं डोळे मिटून वापरणाऱ्याचा हात आपल्या हातात धरायचा, दाबून बघायचा, आणि ते माप मनात घेऊन दांडा तासायचा. तोही सरळसोट. खळगे, उतार काही काढायचे नाहीत, ते वापरणाऱ्याचा हात वर्षानुवर्षं आपले आपण पाडतो. बाबा सांगायचे, "स्वतःला दांडा केला की हात स्वतःचे लाड करतो. आणि दुसऱ्याचा जुना दांडा बघून केला, तर मग तो कुणाचाच होत नाही." यात फार खोल अर्थ असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. जेवताना पाटावर नीट बसावं, तसंच हे एक.

पण दुसरं होतं कोण? बाबा पडून. आईनं कधी कानससुद्धा हातात धरली नव्हती. धाकटी पुढे झाली तर ताई हसली. "तू अजून रंधा उलटा धरतेस गं. दांड्याऐवजी लाटणं करून देशील."

तेव्हा तिनं स्वतःच करायला घेतला. सरळ रेषांचं, चिवट लाकूड निवडलं. हातोड्याच्या भोकात अडकलेला तुकडा गिरमिटानं पोखरून काढला. आणि माप म्हणून तिनं बाबांच्या मुठीतून सोडवलेला तुकडा बाकावर ठेवला. घाई होती. शिवाय त्या दांड्यानं कधी हात दुखवला नव्हता. त्याच्यावर जे जे होतं ते तिनं कानशीनं नव्यावर उतरवलं. अंगठ्याचा खोल खळगा, तळव्याचा फुगीर उतार, सगळं. नक्कल करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतंच.

एक गोष्ट मात्र तिनं मुद्दाम सोडली. बाबांची उजवी करंगळी फार पूर्वी पायरीखाली सापडून वाकडी झाली होती. त्या वाकड्या करंगळीनं जुन्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक तिरपी खाच पाडली होती. "माझी करंगळी सरळ आहे. मला कशाला हवी ती खाच?" ताई म्हणाली, आणि तेवढा भाग गुळगुळीत ठेवला.

पाचर ठोकली, तेल चोळलं, आणि हातोडा खिळ्याला टांगला. जुना तुकडा आईनं चुलीत घातला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं हातोडा हातात घेतला आणि तिची करंगळी एका खाचेत जाऊन बसली.

तिनं तो उजेडात नेला. दांड्याच्या खालच्या टोकाला तिरपी खाच होती. कानशीची नव्हे, कारण कानशीचे ओरखडे कळतात. ही खाच झिजून पडलेली होती, कडा मऊ, वर घामाची काळपट चकाकी. अशी खाच पडायला वर्षं लागतात.

"धाकटे, तू हात लावलास याला?"

"नाही गं. माझा हात पोचतो का त्या खिळ्यापर्यंत?"

ते खरंच होतं. मग ताईनं स्वतःची समजूत घातली, की आपणच काढली असेल, सवयीनं. दमलेलं माणूस काय वाटेल ते करतं आणि विसरतं. चकाकी तेलाची असेल. आणि अडचण तर कसलीच नव्हती, उलट पायऱ्या भराभर बसत होत्या.

त्या आठवड्यात रंगारी आला. त्याचा सगळा धंदा यांच्याच शिड्यांवर, म्हणून येता-जाता डोकवायचा. तो रस्त्यावरूनच ओरडत आला, "अरे वा! मालक उठून बसले की! मी म्हटलंच होतं, हा माणूस पडून राहणारा नाही."

आत येऊन पाहतो तर बाकाशी ताई.

"बाबा आतच आहेत काका. मीच काम करत होते," ती म्हणाली.

"छे, थट्टा करू नकोस पोरी. तुझे घाव मला माहीत नाहीत होय? तू भराभर मारतेस, पाऊस पडल्यासारखे. हे मालकांचे. तीन घाव, दम घ्यायचा, आणि मग बाकावर उगाच एक टपली. आख्ख्या गल्लीत असं दुसरं कुणी ठोकत नाही." तो हसत होता. मग त्याची नजर ताईच्या हाताकडे गेली आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. शिडी न घेताच तो निघाला. जाताना म्हणाला, "आईला विचारलंय म्हणून सांग." तसं तो एरवी कधीच म्हणत नसे.

ताईनं पुन्हा पायरी लावली आणि घाव घातले. या वेळी मन लावून ऐकलं. तीन घाव. मग तिच्या छातीत आपोआप दम भरला. मग हातोडा बाकावर टेकला. टप.

ती टपली आपण मारली नाही, असं तिनं धाकटीला त्याच दुपारी सांगितलं. अगदी साध्या आवाजात सांगितलं, जिन्यावरचा दिवा गेलाय म्हणून सांगावं तसं.

४

आता कुणीही म्हणेल, दुसरा हातोडा घ्यायचा. ताईनं घेतला होता. बाजारातून, कोरा करकरीत. सकाळी काम सुरू करताना तोच तिच्या हातात असायचा. पण पाण्याचा घोट घ्यायला थांबून पुन्हा कामाला लागली, की थोड्या वेळानं आवाज बदलायचा. मग ती खाली बघायची, तर हातात तोच नक्कल केलेला दांडा. कोरा हातोडा खिळ्याला टांगलेला असायचा, अगदी व्यवस्थित.

तिनं मग कागद काढला. एवढं तरी आपलं आहे का बघावं म्हणून पेन्सिल धरली आणि सरळ रेघ ओढायला गेली. पेन्सिल मुठीत गेली. बाबा बाकावर मापाच्या खुणा करताना धरायचे तशी, खडूसारखी. रेघ उमटली ती जाड, ठाम, सुताराची. ताईनं ती खोडली नाही. कागदाची घडी करून कचेरीत न्यायच्या पिशवीत ठेवली. ती पिशवी तिनं केव्हाचीच भरून दाराशी ठेवली होती.

धाकटी रोज संध्याकाळी बाबांचे हात ओल्या फडक्यानं पुसायची. बाबांचे घट्टे गेले होते. पडून असलेल्या माणसाचे घट्टे जाणारच, असं ती मनाशी म्हणाली. उजव्या हाताची बोटं निमुळती दिसत होती. अंगावरचं मांस उतरलं की बोटंही बारीक दिसतात. करंगळी पूर्वीइतकी वाकडी वाटत नव्हती. उजेड कमी होता. धाकटीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त ती उत्तरं देऊन झाली की पुन्हा त्या हाताकडे बघायचं धाडस तिला होत नसे.

बाबांचे डोळे मात्र सारखे तिच्यावर असायचे. पूर्वी बाबा कुणाकडे असं बघत बसणारे नव्हते.

५

त्या दिवशी दुपारी आईनं पानं वाढली. ताई कारखान्यात होती आणि तीन घाव, दम, टपली असं चाललं होतं. धाकटी पाणी भरत होती. आई फडक्याला हात पुसत दारात गेली आणि म्हणाली, "अहो, चला आता. निवतंय."

हातोडा थांबला.

आईनं ताईला 'अहो' म्हटलं होतं. धाकटीच्या हातातलं भांडं भरून वाहू लागलं तरी तिला कळलं नाही. चुकून झालं असेल. इतक्या वर्षांची सवय, दारात उभं राहायचं आणि हाक मारायची. आई आता जीभ चावेल, हसेल, असं वाटून ती वाट बघत राहिली.

आई हसली नाही. ताई आली, हात धुतले, आणि बाबांच्या जागेवर बसली. आईनं तिला आधी वाढलं. ताईनं भाकरी एका हातानं, मुठीत दाबून मोडली.

"आई," जेवणं झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताईकडे बघ ना जरा. तिला काहीतरी होतंय."

"काय होतंय? उलट तब्येत सुधारलीये." आई भांडी घासत होती. पाठमोरीच होती. "घर चाललंय ना? माणूस उठून कामाला लागलं, आणखी काय हवं?"

"कोण उठलं, आई?"

आई भांडं घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

६

ताई शेवटचं बोलली ती त्यानंतर, कारखान्याच्या दारामागे. धाकटीला जवळ ओढून ती घाईघाईनं, अडखळत बोलली. "ऐक. मी चुकले. त्यांचा हात उतरवला मी, माझा नाही. तू मला नवा दांडा करून दे. सरळ, काही न काढता. पद्धतीनं. घे, धर माझा हात. माप घे."

धाकटीनं डोळे मिटले आणि हात धरला.

ताईचा हात तिला पाठ होता. शाळेत पहिल्या दिवशी तोच धरून ती गेली होती. ती शोधत राहिली. तळव्याला घट्टे लागले, ओळीनं, कडक. अंगठ्याचं मूळ जाड होतं. पुढे करंगळी, आणि ती वाकडी. हाताच्या पाठीवर तिनं आपला अंगठा फिरवला. चटक्याचा डाग जिथे असायचा तिथली कातडी साधी होती.

"लागतंय का?" ताईनं विचारलं. "धाकटे, मी लागतेय का?"

धाकटी रडायला लागली, आणि तेच तिचं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी पिशवी नव्हती. ताई बाकाशी उभी होती. चेहरा ताईचा, वेणी ताईची. धाकटी काही विचारणार तोच ती मान वर न करता म्हणाली, "खुंटे, भुसा भर बघू तेवढा. आणि दार लावून घे, उगाच वारा येतोय."

धाकटीनं भुसा भरला आणि दार लावलं.

संध्याकाळी ती बाबांचे हात पुसायला बसली. फडकं उजव्या हाताच्या पाठीवरून फिरलं आणि थबकलं. तिथे एक डाग होता. अर्धगोल, कडेला किंचित तकाकी असलेला. तिनं फडकं पुन्हा फिरवलं, पुसून जातो का बघायला. तो डाग जाणारा नव्हता. तो ताई सात वर्षांची असताना पडला होता.

तिनं वर पाहिलं. ते डोळे तिच्यावरच होते. मग बाबांचा डावा हात, थोडाफार हलायचा तो, भिंतीकडे सरकला. बोट फळीवर टेकलं. दोन टिचक्या. आणि मग नखाचा एक लांब, थरथरता ओरखडा.

पलीकडून हातोड्याचे घाव येत होते. तीन, दम, टपली.

७

आता धाकटी धाकटी म्हणत बसायला वेळ नाही. हे आजचं आहे.

तो दांडा काल तडकला. नक्कल केलेल्या लाकडाला तेवढं बळ नसावं. कारखान्यातली ती, तिला काय म्हणायचं मला माहीत नाही, मला म्हणाली, "या वेळी तू कर गं खुंटे. ज्याचा हात त्यानं करायचा नसतो. घे माप," आणि हात पुढे केला. मी डोळे मिटून तो धरला. पण त्याचं माप मी मनात घेतलं नाही. नंतर मी आतल्या खोलीत गेले, पलंगावरचा डाग असलेला हात धरला आणि ते माप घेतलं. त्याच मापानं दांडा तासला. रंधा सरळ धरून. एकही खळगा काढला नाही. आई दोनदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, "बाबांच्या हाताचाच करतेस ना?" मी म्हटलं, "हो." ते खोटंही नव्हतं.

हा हातोड्यात बसला, पाचर ठोकली आणि त्या हातात गेला, की मग बघू. मी एवढंच ठरवलं होतं. ताई म्हणाली होती, पद्धतीनं.

पण आज सकाळपासून आतल्या खोलीतून उत्तर नाही. मी फळीवर वाजवते, थांबते, पुन्हा वाजवते. श्वास चालू आहे. डोळे उघडे आहेत, पण आता ते छताकडे आहेत, आणि मी आडवी आले तरी माझ्यावर ठरत नाहीत. मी तो हात धरून बसले. नुसता हात होता. रिकाम्या हातमोज्यासारखा. डागसुद्धा फिका झालाय.

मला उशीर झाला का? दोन दिवस आधी करायला हवा होता का? रंध्याला मी घाबरले नसते, तेव्हाच पुढे होऊन म्हटलं असतं, की हस तू, पण दांडा मीच करणार, तर? हे सगळे प्रश्न मी आईला विचारू शकत नाही. आई आज नवी साडी नेसली आहे.

कारखान्यातून हाक आलीय. "खुंटे! झाला का गं दांडा?"

येते म्हटलं. एवढंच लिहून जाते. दांडा माझ्या मांडीवर आहे. मघाशी ठोके आले. दोन टिचक्या आणि ओरखडा, अगदी हलके, कागदालाही कळू नयेत असे. मी धावत आत गेले, तर पलंगावरचा हात पांघरुणाखाली होता, मी ठेवला होता तसाच. परत येऊन बसले. पुन्हा आले. आता मी नीट ऐकलं. ते भिंतीतून येत नाहीत. ते इथून येतात, अगदी माझ्याजवळून, माझ्या बोटांखालून, या

"खुंटे! किती वेळ? आण इकडे!"

आले, आले, फक्त एवढंच, की मी आत्ता या लाकडावर हळूच वाजवून विचारलं, आहेस ना, आणि आतून तिनं